आढळलेल्या नोंदी : शून्य

शवागाराच्या कारकुनाचा फोन आला तेव्हा आत्या नुकतीच डबा उघडून बसली होती.

"मॅडम, तुमचं ते शोधायचं पान बिघडलंय."

"उघडत नाही का?"

"उघडतंय की! झकास उघडतंय. पण नोंद नाही म्हणतंय. आणि तो माणूस माझ्यापुढे आडवा पडलाय, चौदा नंबरच्या कप्प्यात. दहा दिवसांपूर्वी मी माझ्या हातानं नोंद केली त्याची. बाहेर त्याचा भाऊ उभाय. तो म्हणतो, आठ दिवस शोधतोय, रोज शून्य येतंय. मी म्हटलं, असं कसं होईल, दाखवा. तर माझ्याकडेही शून्यच."

"भाऊ कसा आला मग तुमच्याकडे?"

"चालत आला. पानावर विश्वास नाही बसला त्याचा. आता बोला."

आत्यानं डब्याचं झाकण परत लावलं. ते त्या दिवशी पुन्हा उघडलं गेलं नाही.

आत्या कुणाचीच आत्या नव्हती. एकुलती एक, त्यामुळे होण्याची सोयही नव्हती. वय अवघं एकोणचाळीस. पण ऑफिसातल्या पोरांच्या चुका ती अशा काही सुरात दाखवायची की एकदा एकजण बोलून गेला, "अगदी माझ्या आत्यासारखं बोलता तुम्ही," आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. अकरा माणसं, एक पंखा जो फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त, आणि भिंतीवर साहेबांनी लावलेलं एक प्रमाणपत्र. शहरातल्या सगळ्या रुग्णालयांसाठी आणि पोलीस चौक्यांसाठी बेवारस मृतांची एकच नोंदवही चालवण्याचं काम या ऑफिसकडे होतं. कुणी हरवलं की घरच्यांनी फोनवरून ते पान उघडायचं, पुरुष की बाई, वय अंदाजे किती, उंची किती, अंगावर काही खूण, एवढं भरायचं आणि बटण दाबायचं. नाव विचारायचं नाही, कारण ज्यांना शोधायचं त्यांना तिथे नाव नसतंच. शेवटी एक चौकट होती : आपला पत्ता आणि फोन, नोंद आढळल्यास कळवू.

त्या बटणामागे जे काही घडायचं ते आत्यानं लिहिलेलं. तिच्या धंद्यात त्याला कंट्रोलर म्हणतात. नाव मोठं भारदस्त, पण काम खिडकीवरच्या कारकुनाचं. बाहेरून आलेला प्रश्न हातात घ्यायचा, नीट भरलाय का बघायचं, आत डेटाबेसला तो त्याच्या भाषेत विचारायचा, आणि तो जे देईल ते नीट बांधून खिडकीतून बाहेर द्यायचं. आत्याचा कारकून फार सभ्य होता. कुणी वयाच्या जागी उंची लिहिली तर तो हळूच सांगायचा. कुणी काहीच भरलं नाही तरी चिडायचा नाही. तीन वर्षांत तो एकदाही कोलमडला नव्हता, एकदाही कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि आत्याला त्याचा मनातून अभिमान होता. नवीन पोरं आली की ती त्यांना तोच उघडून दाखवायची.

तिनं आधी सरळ डेटाबेसमध्ये पाहिलं. चौदा नंबरचा माणूस तिथे होता. पुरुष, वय अंदाजे पन्नास, उजव्या भुवईवर जुनी खोक. मग तेच सगळं तिनं आपल्या पानावर भरून विचारलं.

आढळलेल्या नोंदी : शून्य.

माणूस आहे, आणि तिचा कारकून तोंड वर करून नाही म्हणतोय. तिनं आपलंच लिखाण उघडलं आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला घेतली. चाळिसाव्या ओळीच्या आसपास बोट थांबलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबांना मोठ्या लोकांपुढे हे पान मांडून दाखवायचं होतं, आणि आदल्या दिवशी दुपारी त्यांना सुचलं की प्रत्येक मृतापुढे कोणत्या रुग्णालयातून आला तेही दिसलं तर बरं दिसेल. रुग्णालयांची यादी वेगळी होती, मृतांची वेगळी. आत्यानं दोन्ही याद्या जोडल्या. मृताच्या नोंदीत रुग्णालयाचा जो क्रमांक असेल तो दुसऱ्या यादीत शोध, जोडी जमली की दोन्ही मिळून एक ओळ दे. बस. अर्ध्या तासाचं काम. आता, ज्यांच्या नोंदीत रुग्णालयाची जागा कोरी आहे त्यांची जोडी जमणार कशी? जमत नाही. आणि अशी जोडणी लिहिली की ज्याची जोडी जमत नाही त्याला डेटाबेस गुपचूप बाजूला सारतो. तक्रार करत नाही, चूक झाली म्हणत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो.

रुग्णालयाची जागा कोरी कुणाची असते? जे रुळावर सापडतात, नदीकाठी सापडतात, बंद कारखान्याच्या आवारात सापडतात आणि पोलिसांच्या गाडीतून थेट शवागारात येतात, त्यांची. म्हणजे ज्यांना घरचे सगळ्यात जास्त शोधत असतात, नेमके तेच.

आणि हे तिनं तपासलं नव्हतं असंही नाही. चांगलं तपासलं होतं. तपासायला दहा मृत तिनं स्वतः मनानं रचले होते, त्यांना वयं दिली होती, उंची दिली होती, एकाला तर कपाळावर तीळही दिला होता. आणि दहाच्या दहा जणांना तिनं रुग्णालयातून आणलं होतं. सगळ्या चौकटी भरलेल्या बऱ्या, म्हणून. तिच्या रचलेल्या मृतांपैकी एकही रस्त्यावर मेला नव्हता. कुणी मुद्दाम करू म्हटलं तरी इतकी बेमालूम चूक साधणार नाही.

तिनं मोजलं. तीन वर्षांत जोडी न जमल्यामुळे बाजूला सारलेले दोनशे अठ्ठ्याऐंशी.

पोरं जेवून परतली, हसत खिदळत. कुणीतरी विचारलं, "आत्या, डबा तसाच?"

दुरुस्तीला एक शब्द बदलावा लागला. जोडी नसेल तर ती जागा कोरी ठेव, पण माणूस गाळू नकोस, एवढं सांगणारा एक शब्द. तिनं आपल्या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारलं, आणि चौदा नंबरचा माणूस भुवईवरच्या खोकेसकट समोर आला. तिनं शवागाराच्या कारकुनाला फोन करून सांगितलं की भावाला आत घ्या, पानाचं मी बघते. "बघा बाई," तो म्हणाला. "आम्ही दोन महिने ठेवतो आणि मग पुरतो. आमच्या हातात तेवढंच."

दुसरं कुणी असतं तर इथे थांबलं असतं. पण आत्याची एक सवय होती, आणि पोरं त्या सवयीवरून तिची टिंगल करायची. काहीही बदललं की ती जुने प्रश्न पुन्हा विचारून बघायची. पानावर आलेला प्रत्येक प्रश्न सर्व्हर लिहून ठेवतो, कधी आला, काय विचारलं, काय उत्तर गेलं. आत्या ते सगळे जुने प्रश्न नव्या लिखाणातून पुन्हा चालवायची आणि जिथे जुनं आणि नवं उत्तर वेगळं येईल तेवढ्या ओळी काढायची. एरवी त्यात एखादा सेकंद इकडेतिकडे, एवढंच निघायचं. पोरं म्हणायची, आत्या मेलेल्यांना उठवायला बसली.

त्या दिवशी तिनं तीन वर्षांचे सगळे प्रश्न चालवले. पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती खुर्चीत नुसती बसून होती.

एकतीस घरं निघाली. एकतीस घरांना शून्य सांगितलं गेलं होतं आणि आता एक येत होतं. बहुतेकांनी चार दिवस विचारलं होतं, आठवडाभर विचारलं होतं, आणि मग सोडून दिलं होतं. एकानं मात्र सोडलं नव्हतं. त्याच्या ओळी पडद्यावर मावेनात. एकच प्रश्न, शब्दही न बदलता : पुरुष, वय पंचवीस ते तीस, उंची पाच फूट सात इंच, डाव्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग, वेल्डिंगचं काम करतो. दोन वर्षांहून जास्त काळ, रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. सातशे चौऱ्याऐंशी वेळा. शेवटचा आज सकाळी.

आत्यानं ती नोंद उघडली. मालगाड्यांच्या रुळांशेजारी सापडला, हरवल्यानंतर चौथ्या दिवशी. एकसष्ट दिवस शीतकप्प्यात. मग पालिकेच्या दफनभूमीत, रांग सात, जागा एकशे बारा. फोटोही होता. तिनं तो उघडला, आणि लगेच मिटला.

साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणूस वाईटाइतकाच नडतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "सुधारलंस ना?"

"सुधारलं. उद्या पहाटे पाचला नेहमीसारखं पानावर चढेल."

"मग झालं तर! मागचं कशाला उकरायचं?"

"उकरलंय मी. एकतीस घरं आहेत."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "कुणी सांगितलं होतं उकरायला? आता एक कर. ही यादी माझ्याकडे दे. मी वर कळवतो, ते समिती नेमतील, पोलिसांमार्फत रीतसर जाईल सगळं. घाईनं सांगायच्या गोष्टी आहेत का या?"

"तीस घरांचं तसं करा, साहेब. पण एक बाई उद्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विचारणार आहे. तिला फोनवर दिसेल. आढळलेल्या नोंदी : एक."

बाईच आहे हे तिला पत्त्याच्या चौकटीवरून कळलं होतं. तिथे नाव नव्हतं, फक्त घराचा पत्ता आणि त्यापुढे लिहिलेलं : मी त्याची आई.

"मग उद्या चढवू नकोस," साहेब म्हणाले. "परवा चढव. तेवढ्यात बघू काहीतरी."

"आणि उद्या जो कुणी त्या चौदा नंबरसारखा विचारायला येईल, त्याला काय सांगायचं? मला माहीत असताना शून्य सांगू?"

"एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

आत्याला राग आला तो त्यांच्यावर नव्हे. एका दिवसानं काही होत नाही हा हिशेब तिलाही पटण्यासारखा होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती म्हणाली, "पहाटे चढेल. मी आज संध्याकाळी त्या बाईंकडे जाते."

"मला यातलं काही माहीत नाही," साहेब म्हणाले. "तू मला काही बोलली नाहीस." आणि त्यांनी दार उघडून धरलं.

निघताना तिनं नोंद छापून घेतली, फोटो वगळून. बसमध्ये बसायला जागा मिळाली. सबंध वाटेत ती बोलायचं काय ते मनात जुळवत राहिली. नमस्कार, मी अमक्या ऑफिसातून आले. नमस्कार, तुमच्या मुलाबद्दल. नमस्कार, एक चूक झाली आहे. दर वेळी 'नमस्कार'पाशीच घोडं अडायचं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं पोचवणारं यंत्र लिहिलं, आणि स्वतः उत्तर घेऊन कुणाच्या दारात जाण्याची ही तिची पहिलीच वेळ.

चार मजली जुनी इमारत होती. दुसऱ्या मजल्यावर दारावर कागद डकवलेला : कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. दार एका साठीच्या माणसानं उघडलं. सरळ पाठीचा, दाढी गुळगुळीत केलेली, अंगात घरचा सदरा पण गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. आत्याच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यानं वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. त्यानं बाहेर येऊन आपल्यामागे दार हळूच ओढून घेतलं, पुरतं न लावता.

"तिकडून आलात?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. "त्या पानाकडून?"

"हो. मी—"

"इथे नको. जरा खाली चला."

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. तिथे ते दोघं उभे राहिले. वरून मशीनचा आवाज येतच होता, थांबत, पुन्हा चालू होत.

"सापडला?" त्यानं विचारलं.

"नोंद सापडली आहे. सगळं जुळतंय. मनगटावरचा डागही."

त्यानं मान हलवली. रडला नाही. एखाद्याला गाडी उशिरा सुटणार हे आधीच ठाऊक असावं तसा उभा राहिला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "माझा पोरगा घरी न सांगता राहणाऱ्यातला नव्हता. पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं मला. पुरावा नको होता मला."

"काका, एक चूक झाली होती आमच्याकडून. नोंद दोन वर्षांपासून होती. पानावर येत नव्हती."

तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करून म्हणाला, "तुम्ही तिला सांगायला आलात?"

"उद्या पहाटे पान सुधारेल. त्यांनी सकाळी विचारलं की येईल. त्यांना ते एकट्या असताना फोनवर कळू नये, म्हणून आले."

"ती रोज विचारते, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला. "रात्रभर ती जागी असते. सहाला उठून तिथे खुर्चीत बसते, चष्मा लावते, फोन घेते. मी झोपल्याचं सोंग घेऊन बघत असतो. शून्य आलं की तिचा जीव भांड्यात पडतो. मग उठून चहा टाकते, मला हाक मारते, मशीनवर बसते. दिवसभर बोलते, शेजारणींशी हुज्जत घालते. आज नाही, म्हणजे कुठेतरी आहे, असं धरून बाई कामाला लागते. त्या शून्यावर हे घर चाललंय, बाई. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय?"

आत्याला कळत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली, कारण इथे रडण्याचा हक्क तिचा नव्हता.

"मी बस चालवायचो," तो म्हणाला. "मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. पण ते तुमच्याच हातात असतं ना? कुणी काय विचारलं की काय सांगायचं, ते तुम्हीच लिहिता ना?"

"हो."

"मग एवढं करा. बाकी सगळ्यांना खरं येऊ द्या. फक्त आमच्या फोनवरून विचारलं की शून्य. असं लिहिता येतं का?"

खोटं बोलायची ती संधी होती. नाही येत, असं म्हटलं असतं तर त्याला कधी कळलं नसतं. पण आत्यानं दोन वर्षं त्या घराला पुरेसं खोटं पुरवलं होतं.

"येतं," ती म्हणाली. "एका ओळीचं काम आहे."

"मग लिहा." त्यानं हात जोडले. "हात जोडतो. तिचं वय अठ्ठावन्न आहे. किती वर्षं राहिली असतील? तेवढी जाऊ द्या."

खिडकीबाहेर खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. आत्या त्या माणसाच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. ती एक ओळ तिच्या डोक्यात आपोआप तयार झालीही होती, कुठे बसवायची तेसुद्धा. ती लिहिली असती तर साहेब खूश, हा माणूस खूश, आणि ती बाईही, आपल्या परीनं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. नोंद होती तशी रांग सात, जागा एकशे बारामध्ये पडून राहिली असती.

"लिहिता येतं, पण मी लिहिणार नाही, काका."

"का?"

"कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्या विचारताहेत. रोज. त्यांना हवंय म्हणूनच विचारताहेत ना?"

"तिला शून्य हवंय!" तो जवळजवळ ओरडलाच.

आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की वरून मशीनचा आवाज येत नाहीये.

ती वरच्या पायरीवर उभी होती. बुटकी, पदर खोचलेला, गळ्यात मापाची फीत. किती वेळ उभी होती देव जाणे. नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. "तिला काय हवंय ते तुम्ही नका सांगू," ती म्हणाली, आणि मग आत्याला, "वर या. जिन्यात नका सांगू असलं काही."

खोली एवढीशी होती. कपड्यांचे गठ्ठे, मशीन, एक पलंग, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर आत्याला बसवून ती स्वतः मशीनच्या स्टुलावर बसली. नवरा दारातच राहिला.

"कागद आणलाय?"

"आणलाय."

"वाचा. सगळं वाचा, मध्ये काही गाळू नका."

आत्यानं वाचलं. पुरुष. वय अंदाजे सत्तावीस. उंची पाच फूट सात इंच. डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, लांबट. खालचा एक दात पडलेला. कुठे सापडला. कधी सापडला. अंगावर राखाडी पँट, निळा चौकड्यांचा शर्ट, डाव्या खिशाला आतून पांढऱ्या कापडाचं ठिगळ, हातानं शिवलेलं.

"पांढरं नाही," आई म्हणाली.

आत्या थांबली.

"पिवळं होतं. उशीचा जुना अभ्रा फाडून लावलं होतं मी. खिशात खिळे ठेवायचा, भोक पडायचं." ती मशीनच्या पाटीवरून हात फिरवत होती. "धुऊन धुऊन पांढरं दिसत असेल. बरोबर आहे त्यांचं. पुढे वाच, पोरी."

"एकसष्ट दिवस शवागारात ठेवलं. मग दफन. रांग सात, जागा एकशे बारा."

"कुठलं शवागार?"

आत्यानं सांगितलं. दारातल्या माणसाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तो चौकटीला टेकला आणि तसाच सरकत खाली बसला.

"माझ्या मार्गावर आहे ते," तो म्हणाला. "त्याच्या फाटकासमोर थांबा आहे. तेव्हा मी नोकरीत होतो. दिवसाला सहा फेऱ्या. मी तिथे थांबायचो. दार उघडायचो, लोक उतरायचे, दार लावायचो." त्यानं डोळ्यांवर पालथा हात धरला. ज्याला पुरावा नको होता तो माणूस आता हुंदके देऊन रडत होता, आणि ज्या बाईला शून्य हवं होतं असं सगळे धरून चालले होते, ती कोरड्या डोळ्यांनी उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसली.

"एकसष्ट दिवस," ती म्हणाली. "म्हणजे मी विचारायला लागले तेव्हा तो तिथेच होता."

"हो."

"त्या सगळ्या दिवसांत मी विचारलं. एक दिवस चुकवला नाही. तापात होते तेव्हाही विचारलं. मला त्याला घरी आणता आलं असतं. अंघोळ घालता आली असती. शर्ट बदलता आला असता."

"हो," आत्या म्हणाली.

आईनं गळ्यातली फीत काढली आणि बोटांभोवती घट्ट गुंडाळत राहिली. बोटांची टोकं पांढरी पडली. मग तिनं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, निदान अजून नव्हता. जी गोष्ट तिला खरोखरच कळत नव्हती ती तिनं विचारली.

"कप्पा होता. त्यात तो होता. वहीत लिहिलेला होता, ठिगळासकट. मग मला रोज सकाळी नाही म्हणून कोण सांगत होतं?"

"मी," आत्या म्हणाली.